शनिवार, दुपारी तीन

शनिवारी रात्री साडेआठला मी टीव्हीसमोर बसतो. इंग्लंडमध्ये तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. गेली तीस वर्षं हा नेम चालू आहे आणि घरच्यांनी त्याला ‘बाबांची आरती’ असं नाव ठेवलं आहे. पुण्यातल्या दिवाणखान्यात बसून मला तिथला सामना थेट दिसतो. मात्र तो ज्या गावात चालू असतो, त्या गावच्या माणसाला तो घरी बसून पाहता येत नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये एरवी फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. १९६० च्या दशकापासून हा निर्बंध चालत आला आहे. त्यामागचं कारण साधं आहे. बड्या क्लबांचे सामने घरात दिसू लागले तर लहान गावातला माणूस आपल्या गावच्या मैदानावर जाणार नाही, आणि तिकीट-खिडकीच्या गल्ल्यावर जगणारा लहान क्लब बुडेल.

हा नियम मला बरीच वर्षं गंमतीचा वाटत होता. आता वाटत नाही. इंग्लिश फुटबॉलचं आजचं दुखणं त्यात नेमकं दिसतं. खेळ ज्यांचा आहे ती माणसं आणि खेळ ज्यांच्या पैशावर चालतो ती माणसं एकमेकांपासून फार दूर गेली आहेत. मी त्या दुसऱ्या गटातला आहे. म्हणून या लेखात मी जी तक्रार करणार आहे, तिच्यातला थोडा वाटा माझ्याही खात्यावर मांडावा लागेल.

आधी दुपारी तीनचीच गोष्ट. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतलं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. गिरणी सुटली, माणसं घरी जाऊन काहीतरी खाऊन बाहेर पडली की तीन वाजत. कामगारांना मिळालेल्या या अर्ध्या सुट्टीत इंग्लिश फुटबॉल वाढला. तोवर तो बड्या घरच्या मुलांच्या शाळांचा खेळ होता. १८८३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ओल्ड इटोनियन्स या ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला २-१ असं हरवलं आणि प्रथमच हा चषक कामगारांच्या गावात गेला. पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, फुटबॉल लीग सुरू झाली. तिची कल्पना विल्यम मॅकग्रेगर या बर्मिंगहॅममधल्या कापडदुकानदाराची. पहिल्या बारा क्लबांपैकी सहा लँकशायरचे, सहा मिडलंड्सचे. लंडनचा एकही नव्हता.

लँकशायरच्या या गावांशी आपला संबंध जुना आहे. ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणली जात. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा बहिष्कारामुळे बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटायला ते मुद्दाम लँकशायरमध्ये गेले. ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्विन या गावी ते उतरले होते. पुढे गिरण्या गेल्या. क्लब तेवढे राहिले.

ते इतकी वर्षं टिकले, कारण खेळाच्या कारभाऱ्यांनी पैशाभोवती काही बांध घातले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फुटबॉल असोसिएशनचा नियम असा होता, की क्लबची कंपनी करा, पण भागधारकांना मर्यादेपलीकडे लाभांश देऊ नका आणि संचालकांनी पगार घेऊ नका. दुसरा बांध गल्ल्याचा होता. यजमान क्लबला तिकीटविक्रीतला काही हिस्सा पाहुण्या क्लबला द्यावा लागे, त्यामुळे मोठ्या शहराच्या उत्पन्नातले काही थेंब लहान गावापर्यंत पोहोचत. तिसरा बांध खेळाडूंच्या पगाराचा. तो मात्र अन्यायाचा होता. मैदानावर पन्नास-साठ हजार माणसं जमत आणि ज्याला पाहायला ती येत, त्या खेळाडूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त देता येत नसे. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने लढा दिला आणि १९६१ मध्ये ही मर्यादा गेली. ते योग्यच झालं. जुनं ते सगळं सोनं होतं असं मला म्हणायचं नाही.

बाकीचे दोन बांध फुटले त्याची हकीकत वेगळी आहे. १९८३ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परने क्लबच्या वर एक वेगळी कंपनी उभी करून तिचे शेअर लंडनच्या बाजारात आणले. नियम क्लबला लागू होता, वरच्या कंपनीला नव्हता. पळवाट सापडली. त्याच वर्षी लीगच्या सामन्यांचा सगळा गल्ला यजमानाने ठेवायचा असं ठरलं.

त्यानंतरची वर्षं काळी होती. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हेसल मैदानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी केलेल्या चढाईत चेंगरून ३९ जण मेले, त्यांतले बहुतेक इटालियन. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत जे दगावले, त्यांचा आकडा अखेर ९७ वर गेला. त्या दिवशी दोष प्रेक्षकांवर टाकला गेला. पोलिसांच्या चुकांमुळे ती माणसं गेली आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता, असा निर्वाळा चौकशीच्या ज्यूरीने दिला तो २०१६ मध्ये. सत्तावीस वर्षं त्या कुटुंबांचं कुणी ऐकलं नाही. इंग्लंडमधला प्रेक्षक ‘आमचं कोणी ऐकत नाही’ असं म्हणतो तेव्हा त्यामागे ही आठवण असते.

हिल्सबरोनंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला बसायला खुर्ची हवी असं सांगितलं. मैदानं नव्याने बांधायची तर पैसा हवा होता आणि उपग्रह वाहिन्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीतले २२ क्लब लीगमधून बाहेर पडले आणि प्रीमियर लीग जन्माला आली. पहिला पाच वर्षांचा करार ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. यातून चांगलंही पुष्कळ झालं. मैदानं सुरक्षित झाली, मुलंबाळं घेऊन कुटुंबं येऊ लागली, जगभरचे उत्तम खेळाडू आले, खेळाचा वेग आणि कस वाढला. ते सगळं मी डोळे भरून पाहिलं आहे.

मी पाहू लागलो १९९५ मध्ये. तेव्हा कोल्हापुरात कॉलेजात होतो. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा. ज्या पेठेत जन्मलात, त्या तालमीचा संघ तुमचा. शाहू स्टेडियमवर संघ हरला म्हणून कोणी दुसऱ्या पेठेचा होत नाही. केबल टीव्हीवर इंग्लिश फुटबॉल आला तेव्हा मात्र आयुष्यात पहिल्यांदा मला संघ निवडायची मुभा मिळाली. मी ब्लॅकबर्न रोव्हर्स निवडला. त्याच गावचा हा दुसरा क्लब. १८७५ मध्ये स्थापन झालेला, १८८८ च्या बारांपैकी एक. १४ मे १९९५ ला तो लिव्हरपूलकडून हरला, पण मँचेस्टर युनायटेडलाही जिंकता आलं नाही आणि एका गुणाच्या फरकाने ब्लॅकबर्न विजेता ठरला.

ते विजेतेपदही पैशाचंच होतं, हे कबूल करायला हवं. जॅक वॉकर या स्थानिक पोलाद-व्यावसायिकाने लहानपणापासूनच्या आपल्या क्लबमध्ये संपत्ती ओतली, केनी डॅल्ग्लिशला व्यवस्थापक केलं, ॲलन शिअररला आणलं. तेव्हा धनिक मालक ही काही नवी गोष्ट नव्हती. पण वॉकर चुकला असता तर रस्त्यात भेटणाऱ्या माणसांना त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. २००० मध्ये तो वारला. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच्या पश्चात उरलेल्या ट्रस्टने क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकला. घेणारे होते कोंबड्यांच्या व्यवसायातले आमच्या पुण्याचे व्यंकीज. ज्या गावाने आपल्याला धोतरं विकली, त्या गावाचा क्लब आपल्याकडच्या उद्योगाने घेतला म्हणून मी पेढे वाटले होते.

पुढचं सर्वश्रुत आहे. महिनाभरात अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढलं गेलं. मे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या संध्याकाळी क्लबच्या रंगांचं कापड गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी निषेध म्हणून मैदानात सोडली गेली. २०१७ मध्ये तो तिसऱ्या पायरीपर्यंत घसरला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या पायरीवर परतला. मालकांनी पैसा घालणं मात्र थांबवलं नाही. त्यामुळे इथे खलनायक शोधण्यात अर्थ नाही. पैसा होता. सात समुद्रापलीकडचा मालक आणि गाव यांच्यात जाबसाल घडवणारी व्यवस्था नव्हती.

आता माझ्या खात्याकडे येतो. २०१६ च्या हिवाळ्यात कामानिमित्त मँचेस्टरला गेलो होतो. एक शनिवार मोकळा मिळाला म्हणून गाडीने ब्लॅकबर्नला जाऊन ईवुड पार्कवर सामना पाहिला. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, कुठून आलात? मी भीत भीत ‘पुणे’ म्हणालो. ते मोठ्याने हसले. त्या गावात पुणे सगळ्यांना ठाऊक आहे. मध्यंतरात त्यांनी आपल्या पायचा अर्धा तुकडा मला दिला आणि सांगितलं, की त्यांचे वडील आणि आजोबाही इथेच येत. मग त्यांनी सहज विचारलं, “तिकडे आमचे सामने दिसतात का हो?”

प्रीमियर लीगमध्ये होतात तोवर दिसत होते, असं मी सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. क्लब खाली गेल्यावर मी त्याचे सामने शोधलेसुद्धा नव्हते. त्याच वेळी, त्याच वाहिनीवर, दुसरा सामना पाहू लागलो होतो. मला संघ बदलता आला, कारण मी तो निवडला होता. त्या गृहस्थांना ती सोय नव्हती.

अर्थशास्त्रात गिऱ्हाईक दुकान बदलतं म्हणून दुकानदार सरळ राहतो. फुटबॉलमध्ये खरं गिऱ्हाईक दुकान बदलतच नाही. म्हणून त्याला गृहीत धरता येतं, आणि बदलणाऱ्याची, म्हणजे माझी, मनधरणी होते. २०२२ पासूनच्या तीन वर्षांच्या करारांत प्रीमियर लीगचं परदेशी प्रक्षेपणाचं उत्पन्न मायदेशातल्या उत्पन्नापेक्षा जास्त झालं. २००८ मध्ये प्रत्येक क्लबने एक जादा सामना परदेशात खेळावा अशी योजना निघाली होती. विरोध झाल्यावर ती गुंडाळली गेली. एप्रिल २०२१ मध्ये सहा इंग्लिश क्लब आणखी सहा युरोपीय क्लबांबरोबर ‘सुपर लीग’ काढायला निघाले. संस्थापकांना तिथून कधीच खाली जावं लागणार नव्हतं. करोनामुळे मैदानं रिकामी होती, तरी माणसं रस्त्यावर आली आणि दोन दिवसांत सहाही क्लब मागे फिरले.

रस्त्यावर येणं प्रत्येकाला पुरतंच असं नाही. मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाचं गाव आहे. त्याच्या क्लबने १९०३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात डार्बीला ६-० असं हरवलं होतं. हा विक्रम ११६ वर्षं टिकला. मे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला तितक्याच फरकाने हरवून त्याची बरोबरी केली. त्यानंतर तीन महिन्यांनी, २७ ऑगस्टला, बरी क्लबला लीगमधून काढून टाकण्यात आलं. आठ महिन्यांपूर्वी तो एका पौंडाला विकला गेला होता आणि देणी भागवायला पैसे आहेत हे नव्या मालकाला दाखवता आलं नाही. एकाच महानगरात एका क्लबकडे अबुधाबीची संपत्ती आणि दुसऱ्याकडे मैदानाचं कुलूप.

या घटनांनंतर माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली प्रेक्षकांच्या बाजूने आढावा घेतला गेला. त्यातून जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. आता वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना स्वतंत्र नियामकाचा परवाना लागेल. मालकाची पात्रता आणि पैशाचा उगम तपासला जाईल. मैदान परवानगीशिवाय विकता येणार नाही, आणि क्लबचं चिन्ह किंवा घरच्या मैदानावरच्या शर्टाचा रंग बदलण्याआधी प्रेक्षकांचं मत घ्यावं लागेल. रंगाची बाब क्षुल्लक वाटेल. कार्डिफच्या मालकाने २०१२ मध्ये निळ्या संघाला लाल केलं, तेव्हा निळा परत मिळवायला गावाला अडीच वर्षं लागली.

या कायद्याने सगळं सुधारेल असं मी मानत नाही. प्रेक्षकही संत नसतो. २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या निधीने न्यूकासल घेतला तेव्हा हजारो लोक मैदानाबाहेर नाचले होते. तरीही मला हा कायदा महत्त्वाचा वाटतो. मालक हा धनी नसून विश्वस्त आहे, हे जुने नियम अर्धवट का होईना सांगत होते. चाळीस वर्षांच्या खंडानंतर ते पुन्हा कागदावर आलं आहे.

दुपारी तीनचा निर्बंध उठवा, अशी मागणी अधूनमधून होते. ती रास्तही वाटते, कारण पुण्यात जे दिसतं ते ब्लॅकबर्नमध्ये का दिसू नये? पण माझं मत विचाराल तर तो निर्बंध राहावा. मी हल्ली शनिवारी रात्री साडेआठला टीव्हीचा आवाज बंद ठेवतो आणि फोनवर ब्लॅकबर्नचा गुणफलक उघडून बसतो. तो तासन्‌तास ०-० असतो. घरचे विचारतात, आरती चालू आहे ना? मी मान डोलावतो. त्या वेळी ते गृहस्थ प्रकृती बरी असेल तर वडिलांच्या स्टँडमध्ये बसलेले असतील.