'मतिमंद' ठरवलेल्या बायकांनी 13 लेकरांना वाढवलं, तेव्हा काय झालं?

1930च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका अनाथालयात दोन चिमुकल्या मुली होत्या. वाढ इतकी मागे, की कुणी दत्तक घेण्याचा प्रश्नच नव्हता. हॅरॉल्ड स्कील्स या मानसशास्त्रज्ञाने त्यांना तपासलं. 100 म्हणजे सर्वसाधारण धरलं, तर एकीचा आकडा आला 46 आणि दुसरीचा 35. दोघींची रवानगी वुडवर्ड गावच्या मतिमंदांच्या संस्थेत, मोठ्या बायकांच्या वॉर्डात झाली.

काही महिन्यांनी स्कील्स तिथे गेले, तर समोर दोन हसऱ्या, बागडणाऱ्या पोरी. पुन्हा चाचणी घेतली. आकडे होते 77 आणि 87.

औषध काहीच दिलं नव्हतं. अनाथालयात बाळं दिवसभर पाळण्यात पडून असायची. इथे मात्र वॉर्डातल्या बायकांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना लळा लावला होता. कुणी कडेवर घेतंय, कुणी बोलतंय, कुणी खेळणं आणून देतंय.

मग स्कील्सने आणखी मुलं पाठवली, एकूण 13. त्यांचा बुद्ध्यांक सरासरी सुमारे 28 गुणांनी वाढला. अनाथालयातच राहिलेल्या 12 मुलांचा जवळपास 26 गुणांनी घसरला. 1966 साली पुढचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा ती 13 जणं आपापल्या पायावर उभी होती. त्यातल्या 11 जणांना तर लहानपणीच दत्तक घर मिळालं होतं.

आता यावरून 'माया करा, मतिमंदत्व जातं' असा व्हॉट्सअॅप मेसेज बनवू नये. हा अभ्यास छोटा होता, त्याच्या पद्धतीवर टीकाही झाली. शिवाय यातली बरीच मुलं मुळात दुर्लक्षामुळे मागे पडलेली असावीत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचं गुणसूत्र प्रेमाने बदलत नाही. आणि म्हणूनच 'आई नोकरीला जाते, म्हणून पोर असं झालं' हे नातेवाइकांचं निदानही निव्वळ अन्याय आहे. कारणं जनुकीय असतात, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याची असतात, कित्येकदा सापडतही नाहीत.

मग घराच्या हातात काय उरतं? पुष्कळ. जेवणं, कपडे घालणं, बोलणं, चार माणसांत वावरणं.

बेट्टी कॉल्डवेल आणि रॉबर्ट ब्रॅडली यांनी घरचं वातावरण मोजायला 'होम' नावाची मोजपट्टी तयार केली. तपासणारा घरी जाऊन काय बघतो? बाळाने आवाज काढला की आई प्रतिसाद देते का, उठसूट ओरडा बसतो का, मूल वाणसामानाच्या दुकानात बरोबर जातं का. महागडी खेळणी असलीच पाहिजेत असं नाही.

आपल्याकडे अडचण बहुतेक वेळा दुर्लक्षाची नसते. ती अतिकाळजीची असते. 'त्याला नाही जमायचं' म्हणत आजी आठ वर्षांच्या नातवाला भरवते. पाहुण्यांनी नाव विचारलं की उत्तर आईच देते. यात प्रेम आहेच, पण मुलाची शिकायची संधी जाते.

विशेष शिक्षक यावर एक युक्ती सांगतात: काम शेवटून शिकवा. चड्डी गुडघ्यापर्यंत तुम्ही चढवा, शेवटची ओढ त्याची. ते जमलं की आदल्या टप्प्यापासून. काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं, म्हणून हुरूप टिकतो. बोलण्याचंही तसंच. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा, मगच मदत करा. सकाळी शाळेची गाडी दारात उभी असताना हे होणार नाही, हे उघड आहे. मग रविवार किंवा संध्याकाळ निवडावी.

मूल वर्षाचं होऊनही बसत नसेल किंवा हाकेला वळून बघत नसेल, तर 'बोलेल उशिरा, बापही उशिराच बोलला' म्हणत थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि गरज असेल तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. तिथले उपचार मोफत असतात. अंगणवाडी ताईंना विचारलं तरी पुढची वाट कळते.