खुर्ची कोणाची, काम कोणाचं?

बालमित्रांनो, स्नेहसंमेलन असो, सहल असो नाहीतर शाळेतला आनंद बाजार, "प्रमुख कोण होणार?" असं बाईंनी विचारलं रे विचारलं, की दहा-बारा हात वर होतात! तुमचाही होत असेल. पण "प्रमुखानं करायचं काय?" हा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. आज आपण याच प्रश्नाचं उत्तर शोधू या.

मी कोल्हारची प्राथमिक शिक्षिका. आमचं कोल्हार म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठचं, भगवतीदेवीचं गाव. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गाची आनंद बाजारात चांगलीच फजिती झाली. वर्गातला एक हुशार मुलगा प्रमुख होता. अक्षर सुंदर, हिशोबात पक्का, पण सगळं काम स्वतःच करणार! याद्या त्याच्या वहीत, पैसे त्याच्या खिशात, कोणी काय आणायचं ते त्याच्या डोक्यात. आणि बाजाराच्या दिवशी सकाळीच तो तापानं फणफणला. मग काय विचारता! भेळेच्या दुकानात तिघांनी चटणी आणली आणि चुरमुरे कोणीच आणले नाहीत. वजनकाटा कोणाकडे, सुट्टे पैसे कुठे, कोणालाच ठाऊक नाही. शेजारच्या वर्गातली मुलं हसत होती आणि आमची मुलं रडकुंडीला आली होती.

खरं सांगू? चूक त्या मुलाची कमी आणि माझी जास्त होती. मी त्याला 'प्रमुख' केलं, पण प्रमुखानं काय करायचं ते सांगितलंच नव्हतं.

मग एका शनिवारी मी मुलांना एक गोष्ट सांगितली. गोष्ट खरी आहे आणि आमच्या अगदी शेजारची आहे. तुम्हीही ऐका.

शेजारच्या गावची गोष्ट

कोल्हारहून संगमनेरच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात प्रवरानगर आणि लोणी लागतं. शंभर वर्षांपूर्वी हा भाग असा हिरवागार नव्हता. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि शेतात ऊस उभा राहिला. पण ऊस पिकला म्हणजे पैसा मिळाला असं थोडंच असतं? शेतकरी उसाचा गूळ करायचे आणि गुळाचे भाव कोसळले, की वर्षाचे कष्ट पाण्यात! साखर कारखाने होते, पण ते खासगी मालकांचे.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटील नावाचे शेतकरी होते. शाळा झाली होती जेमतेम मराठी चौथीपर्यंत. पण सावकाराच्या कर्जात बुडालेले शेतकरी त्यांना बघवेनात. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी सुरू केली. म्हणजे दहा जणांनी थोडेथोडे पैसे एकत्र करायचे आणि ज्याला गरज असेल त्याला रास्त व्याजानं द्यायचे. छोटं काम नीट केलं, की मोठ्या कामाची हिंमत येते. पुढचं काम होतं शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याचं!

मुलांनो, साखर कारखाना उभा करणं म्हणजे काय हे नीट समजून घ्या. जमीन हवी, यंत्रं हवीत, पाणी हवं, सरकारची परवानगी हवी, कर्ज हवं आणि हजारो लोकांचा विश्वास हवा. आजच्या भाषेत याला 'प्रकल्प' म्हणतात आणि तो तडीस नेणाऱ्याला प्रकल्प व्यवस्थापक, म्हणजे 'प्रोजेक्ट मॅनेजर'.

विठ्ठलराव आणि त्यांचे सोबती गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांना एकेक भाग, म्हणजे शेअर, घ्यायला लावला. ज्याच्या घरात उद्याच्या बियाण्याची चिंता, त्याच्याकडून कधीही न पाहिलेल्या कारखान्यासाठी पैसे मागायचे! लोकांनी ते दिले, कारण पतपेढीचं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची जागा. गावं हिंडणं विठ्ठलरावांना जमत होतं. पण बँका, सरकारी खाती, कर्जाची कागदपत्रं यांसाठी वेगळं ज्ञान हवं होतं. ते होतं डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे. ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, केंब्रिजला शिकलेले. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागाइतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष गाडगीळच होते. मुंबई सरकारातले मंत्री वैकुंठभाई मेहता यांनीही पुढे या कामाला बळ दिलं.

आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष कोण झाले असतील? तुम्ही म्हणाल, विखे पाटील! चुकलात. अध्यक्ष झाले डॉ. गाडगीळ आणि विठ्ठलराव झाले उपाध्यक्ष. केवढं मोठं काम केलेल्या माणसानं दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीत बसून आणखी काम केलं! १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याची चाकं फिरली. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. १९६१ साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली आणि पुढे कारखान्यालाही त्यांचंच नाव दिलं गेलं. खुर्ची दुसऱ्याला दिली म्हणून नाव गेलं नाही, बरं का!

आधीचं आधी, नंतरचं नंतर

आमच्या भागातल्या मुलांना कारखाना म्हणजे काय ते ठाऊक असतं. हंगाम आला की उसाच्या गाड्या रस्त्यानं रांगेत जातात. पण त्यामागची आखणी कधी पाहिलीत? तोडलेला ऊस घरात साठवून ठेवता येत नाही. तो वाळतो, त्याचं वजन घटतं आणि त्यातली साखरही कमी होते. म्हणून कोणाचा ऊस कधी लावला, तो कधी पक्व होईल, कोणती टोळी कोणत्या शेतात जाईल, याची नोंद आधीपासून ठेवावी लागते. यंत्रं तयार नसताना ऊस तोडला तर शेतकऱ्याचं नुकसान. यंत्रं तयार आणि ऊस आलाच नाही तर कारखान्याचं नुकसान.

म्हणजे बघा, प्रमुखाचं पहिलं काम हुकूम सोडणं नाहीच. कशाच्या आधी काय व्हायला हवं, ते काम कोण करणार आणि कधीपर्यंत, हे सर्वांना दिसेल असं लिहून ठेवणं हे पहिलं काम.

पाऊस येणार की नाही?

ही गोष्ट ऐकल्यावर वर्गात काय झालं असेल? पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारलं, "प्रमुख कोण?" तो हुशार मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी उपप्रमुख होतो. हिशोब मी बघतो. प्रमुख हिला करा. हिची आई बाजारात भाजी विकते, हिला सगळं माहितीये." हे बोलायला त्याला जड गेलं, त्याचा चेहराच सांगत होता. पण तो बोलला.

त्या मुलीनं फळ्याशेजारी मोठा कागद चिकटवला. काम, कोणाचं, कधीपर्यंत, असे तीन रकाने. शिवाय प्रत्येक कामाला एक जोडीदार. एक आजारी पडला तर दुसरा तयार!

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. मैदानात दुकानं मांडायची, की वऱ्हांड्यात? वऱ्हांड्यात जागा कमी, चार दुकानं रद्द करावी लागणार. वर्गात भांडण जुंपलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी गप्प बसले. (गप्प बसणं किती अवघड असतं, ते शिक्षकांनाच विचारा!)

तिनं सर्वांचं ऐकून घेतलं. मग तीन प्रश्न विचारले. पाऊस आला तर काय काय भिजेल? भिजलेलं पुन्हा विकता येईल का? निर्णय उद्या सकाळी घेतला तर वेळ पुरेल का? उत्तरं मिळाल्यावर ती म्हणाली, "वऱ्हांड्यात मांडू. ज्यांची दुकानं रद्द झाली त्यांनी दुसऱ्यांच्या दुकानात भागीदार व्हायचं. नफा वाटून घ्यायचा."

आणि दुसऱ्या दिवशी? कडक ऊन! मुलांनी तिला दिवसभर चिडवलं. नफाही मैदानात झाला असता त्यापेक्षा कमीच झाला असेल. संध्याकाळी ती माझ्यापाशी आली. डोळे भरलेले. "बाई, माझं चुकलं ना?"

काय उत्तर द्याल तुम्ही? मी तिला म्हटलं, "काल तुला जेवढं माहीत होतं, त्यावरून तू विचार केलास. सगळ्यांना विचारलंस, मुद्दल वाचवलंस आणि निर्णय स्वतःच्या अंगावर घेतलास. पाऊस आला नाही, यात तुझी चूक काय?" निर्णय चांगला होता की वाईट, हे नुसत्या निकालावरून ठरत नाही. तो कसा घेतला यावरूनही ठरतं. मात्र पुढच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून काय घडलं ते वहीत लिहून ठेवायचं. तिनं लिहिलं. आणि तिच्या खाली सही कोणी केली माहितीये? उपप्रमुखानं! "निर्णय दोघांचा होता," असं तो सर्वांदेखत म्हणाला.

पालकांसाठी दोन शब्द

आईबाबा, घरातलं एखादं छोटं काम पूर्णपणे मुलांवर सोपवून पाहा. पाहुण्यांचा चहा-नाश्ता, मामाच्या गावाला जायची तयारी, काहीही. मध्ये हात घालू नका. साखर कमी पडली तर पडू द्या! आणि चुकलं तर "मी सांगितलं होतं ना!" हे वाक्य तेवढं गिळून टाका.

करून पाहा

मुलांनो, येत्या रविवारी घरातलं एक काम निवडा. तीन रकाने आखा : काम, कोणाचं, कधीपर्यंत. प्रत्येक कामाला जोडीदार द्या. कोणतं काम तुमच्यापेक्षा दुसऱ्याला चांगलं जमतं, ते ओळखा आणि ते त्याच्याकडे सोपवा. तेही हसत हसत! काम संपल्यावर काय जमलं आणि काय फसलं, ते दोन ओळींत लिहा.

मग पुढच्या वेळी "प्रमुख कोण?" असं विचारल्यावर हात जरूर वर करा. कधी स्वतःसाठी, तर कधी शेजारी बसलेल्या मैत्रिणीसाठी!