अलकनंदेचे वय

बालरोगतज्ज्ञाने दीर्घिकांविषयी लिहावे, हा काहीसा अनधिकारच. परंतु मुलांची वजने-उंची मापण्यात हयात गेलेल्या मला तेथे ओळखीचाच प्रश्न भेटला: वाढ वयाला साजेशी आहे काय?

विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. आरंभी अदृश्य कृष्णद्रव्याचे पुंजके गुरुत्वाकर्षणाने घट्ट झाले, त्यांत ओढला गेलेला वायू निवला आणि तारे जन्मले. लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या होत गेल्या. या धुमश्चक्रीतून सुबक तबकडी आणि सर्पिल बाहू साकारण्यास काही अब्ज वर्षे लागावीत, असा आजवरचा ‘वाढीचा तक्ता’ सांगत होता.

डिसेंबर २०२१ मध्ये जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली आणि तक्त्यात न बसणारी बाळे दिसू लागली. २०२२ मध्ये एक दीर्घिका महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षांची वाटली; पुढे वर्णपट घेतल्यावर तो काळ सुमारे १२० कोटी वर्षांचा निघाला. हे वाचताना मला माझा एक खुजा रुग्ण आठवला. त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तीनदा रक्त घेतले, शेवटी आजी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, शाळेत लवकर घालायचा म्हणून वय वर्षभर वाढवून लिहिलंय.” वय आधी नीट विचारले असते, तर त्या तीन सुया टळल्या असत्या.

मात्र प्रत्येक वेळी वयच चुकलेले नसते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये एक सर्पिल दीर्घिका प्रसिद्ध केली. मंदाकिनी म्हणजे आपली आकाशगंगा. म्हणून तिच्या या बहिणीचे नाव अलकनंदा. व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे, दोन सुरेख बाहू, आणि काळ महास्फोटानंतर केवळ दीड अब्ज वर्षांचा. तब्बल २१ गाळण्यांतून तिचा प्रकाश मोजलेला असल्याने हे वय सहजी नाकारता येत नाही. येथे तक्ताच सुधारावा लागणार.

तिचे बाहू थंड वायूच्या संथ ओघाने घडले, की शेजारच्या छोट्या दीर्घिकेच्या धक्क्याने? तिची तबकडी कशी फिरते हे वर्णपटावरून मोजले, की त्याचा उलगडा होऊ लागेल. ती तपासणी अद्याप बाकी आहे. आणि तेथे कोणाला सुई टोचावी लागणार नाही.