भूमितीतील व्याख्यात व अव्याख्यात पदे

कोणत्याही शब्दाची व्याख्या इतर शब्दांच्या साहाय्यानेच करावी लागते आणि त्या शब्दांनाही पुन्हा व्याख्या हवी असते. ही परंपरा कोठेच न थांबल्यास अनवस्था आणि फिरून मूळ शब्दापाशी आल्यास चक्रक, असे दोन दोष संभवतात. ते टाळावयाचे, तर काही पदे व्याख्येवाचून स्वीकारणे प्रत्येक शास्त्राला भाग आहे.

युक्लिडने मात्र पहिल्या ग्रंथाच्या आरंभी २३ व्याख्या दिल्या असून त्यांत बिंदूचीही व्याख्या आहे: ज्याला अवयव नाही तो बिंदू. नासिरुद्दीन तूसीच्या अरबी संस्करणावरून अठराव्या शतकात जगन्नाथ सम्राटाने 'रेखागणित' रचले. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ते १९०१-०२ साली छापले गेले. त्यात दिसण्याजोग्या पण विभागता न येणाऱ्या पदार्थाला 'बिंदू' हा शब्द लावला आहे. 'दिसण्याजोगा' हे विशेषण युक्लिडच्या व्याख्येत नाही. एवढा फरक होऊनही एकाही सिद्धतेला बाध येत नाही. कारण बिंदूच्या व्याख्येचा आधार कोणतीच सिद्धता घेत नाही. वर्तुळाच्या व्याख्येचे तसे नाही. पहिल्याच प्रमेयात समभुज त्रिकोणाच्या बाजू समान ठरतात, त्या एका वर्तुळाच्या त्रिज्या समान असतात या व्याख्येच्या बळावरच. पहिली व्याख्या केवळ वर्णन करते. दुसरी अनुमानात कार्य करते.

हा भेद ओळखून हिल्बर्टने १८९९ साली बिंदू, रेषा व प्रतल ही पदे व्याख्येवाचून स्वीकारली आणि त्यांचे परस्परसंबंध गृहीतकांनी नियत केले. बिंदू म्हणजे काय, हे तेथे सांगितलेले नाही. दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते, हे सांगितले आहे. पदाचा अर्थ त्याच्या संबंधांत असतो, ही भाषाशास्त्रालाही परिचित असलेली दृष्टी येथे दिसते.

खरा धोका अव्याख्यात पदांचा नसून अघोषित पदांचा आहे. 'मध्ये' हा शब्द पाहा. वाशी व बेलापूर यांच्या मध्ये नेरूळ आहे, हे लोहमार्गावरील स्थानकांच्या क्रमाने खरे आहे. परंतु ही तीन स्थाने एका सरळ रेषेत आहेत, असा त्याचा अर्थ नव्हे. 'वर्तुळामध्ये' म्हणताना तोच शब्द 'आत' असा अर्थ देतो. युक्लिडने या संबंधाची व्याख्या केली नाही आणि त्याविषयी गृहीतकही मांडले नाही. आकृतीकडे पाहूनच तो मानला गेला. ही उणीव पाश याने १८८२ साली उघड केली. हिल्बर्टच्या रचनेत 'मध्ये' हे पद अव्याख्यातच राहिले. पण एका रेषेवरील तीन बिंदूंपैकी एकच इतर दोहोंच्या मध्ये असतो, यासारख्या गृहीतकांनी ते बांधले गेले.

म्हणून 'अव्याख्यात' याचा अर्थ 'अस्पष्ट' असा घेणे चूक होय. ज्या पदाच्या वापराचे नियम जाहीर आहेत ते व्याख्येवाचूनही काटेकोर असते. ज्याचे नियम कोणी सांगितलेच नाहीत ते पद परिचयाचे असले, तरी सिद्धतेत विश्वासार्ह नसते.