पुस्तकाची पृष्ठे किती होतील?



अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) हिवरे बाजार नावाचे एक छोटे गाव आहे. येथे पाऊस कमी पडतो. १९८९ साली पोपटराव पवार गावाचे सरपंच झाले. त्यानंतर गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगरावर चर खोदले, झाडे लावली, बंधारे बांधले. पावसाळा संपला की हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. प्यायला किती लागेल, जनावरांना किती लागेल, हे आधी ठरते. उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची, ते मग ठरते.

समजा, तुमच्या वर्गाने हे गाव पाहिले आणि त्याच्यावर एक पुस्तिका लिहिली. हस्तलिखित, म्हणजे उर्दूत ज्याला तुम्ही मुसव्वदा म्हणता ते, तयार झाले. आता छापखान्यात पहिला प्रश्न विचारतील, "पृष्ठे किती?" कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च त्यावरच ठरतो.

प्रथम एक फरक लक्षात घ्या. कागदाचे एक पान म्हणजे वरक. त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन पृष्ठे, म्हणजेच दोन सफे. आपण पृष्ठे मोजू.

वहीच्या ६० पृष्ठांची पुस्तकात ६० पृष्ठे होत नाहीत. कोणाचे अक्षर मोठे असते, कोणाचे बारीक. म्हणून शब्द मोजावे लागतात. सगळे शब्द मोजण्याची गरज नाही. सुरुवातीची, मधली आणि शेवटची मिळून पाच पृष्ठे घ्या. त्यांतील शब्द मोजा आणि सरासरी काढा. समजा, एका पृष्ठावर सरासरी १६० शब्द आले. मग ६० पृष्ठांत ६० × १६० = ९,६०० शब्द झाले.

येथे एक काळजी घ्या. आधी उर्दूत लिहून मग मराठीत भाषांतर करणार असाल, तर उर्दू शब्दांची संख्या धरू नका. उर्दूत 'गाँव के कुएँ का पानी' हे पाच शब्द होतात. मराठीत 'गावच्या विहिरीचे पाणी' हे तीनच होतात, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून लिहितात. म्हणून मराठी मजकुराचेच शब्द मोजा.

आता तुम्हाला हव्या त्या आकाराचे एखादे छापील पुस्तक घ्या. त्याच्या एका भरलेल्या पृष्ठावर २४ ओळी आणि ओळीत सुमारे १० शब्द असतील, तर पृष्ठावर २४० शब्द बसतात. ९,६०० ÷ २४० = ४०. मजकुराची ४० पृष्ठे झाली.

पण पुस्तक एवढ्यावर संपत नाही. मुखपृष्ठाच्या आत पुस्तकाचे नाव, प्रकाशनाची माहिती, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका यांना ४ पृष्ठे लागतील. नकाशा व चित्रे यांना ३ पृष्ठे लागतील. प्रत्येक प्रकरण नव्या पृष्ठावर सुरू होते, त्यामुळे आधीच्या पृष्ठावर जागा रिकामी राहते. सहा प्रकरणांसाठी अशी ३ पृष्ठे धरा. एकूण पृष्ठे झाली ५०.

आता वर्तमानपत्राचा एक मोठा कागद घ्या आणि तीन वेळा मधोमध दुमडा. ८ पाने, म्हणजे १६ पृष्ठे तयार होतील. छापखान्यातही मोठा कागद असाच दुमडतात. या १६ पृष्ठांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. उर्दूत त्याला जुज म्हणतात. जुजबंदी हा शब्द त्यावरूनच आला. तीन फर्म्यांची ४८ पृष्ठे होतात. तुमची ५० आहेत! केवळ दोन पृष्ठांसाठी आणखी अर्धा फर्मा, म्हणजे ८ पृष्ठांचा कागद प्रत्येक प्रतीला लागेल. त्यांतील ६ पृष्ठे कोरी राहतील.

मग काय करावे? दोन पृष्ठांचा, म्हणजे सुमारे ४८० शब्दांचा मजकूर कमी करावा. पण तो कोठून? पाऊस कमी झाला, तर हिवरे बाजारचे लोक जास्त पाणी लागणारी पिके टाळतात; पिण्याच्या पाण्याला हात लावत नाहीत. तुम्हीही पाण्याच्या ताळेबंदाचे प्रकरण तसेच ठेवा. प्रवासात काय खाल्ले, बस कोठे थांबली, दोघांनी एकच गोष्ट कोठे लिहिली, ते शोधा. ४८० शब्द तेथेच सापडतील. मात्र हे काम हस्तलिखित छापखान्यात देण्यापूर्वी करा. अक्षरे जुळवून झाल्यावर एक परिच्छेद काढला, तरी पुढची पृष्ठे सरकू शकतात आणि अनुक्रमणिकाही बदलावी लागू शकते.