मेकॉम्बची मुलगी, हन्नूरचा मुलगा

आज सुरुवात एका अमेरिकन कादंबरीपासून करतो. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि १९६२ मध्ये ग्रेगरी पेकचा सिनेमाही आला. बी.ए.ला असताना मी ती वाचली, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेऊन. शेवटची पानं ओल लागून एकमेकांना चिकटली होती, ती चहाच्या वाफेवर धरून सोडवली.

गोष्ट १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांतली. अलाबामा राज्यातलं मेकॉम्ब नावाचं काल्पनिक गाव. सांगणारी मुलगी स्काउट. गोष्ट सुरू होते तेव्हा तिला सहावं सरायचंय. आई नाही. भाऊ जेम चार वर्षांनी मोठा. वडील ॲटिकस फिंच वकील आहेत. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो आणि त्याचं वकीलपत्र ॲटिकसकडे येतं. मुलीला मारहाण झाली आहे ती तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे बहुधा डावखुऱ्या माणसाकडून. टॉमचा डावा हात तर लहानपणीच यंत्रात सापडून निकामी झालेला. हे सगळं कोर्टात स्वच्छ दिसतं. तरी बाराही गोरे पंच त्याला दोषी ठरवतात. पुढे तुरुंगातून पळताना टॉम गोळ्या खाऊन मरतो.

मुलं हा खटला काळ्या लोकांच्या गॅलरीत बसून बघतात. जेमला खात्री असते की आपले वडील जिंकणार. निकाल ऐकल्यावर त्याच्यातलं लहान मूल संपतं. समीक्षक याला बालपणीच्या निरागसतेचा अंत म्हणतात. पण मला विचाराल तर कादंबरीतला खरा ठोका याच्या आधीच पडतो. सरकारी वकील टॉमशी ज्या तुच्छतेने बोलतो, ते ऐकून डिल हा त्यांचा छोटा मित्र रडायला लागतो. स्काउट त्याला बाहेर घेऊन जाते. बाहेर भेटतात डॉल्फस रेमंड. हा जमीनदार गोरा गृहस्थ एका काळ्या बाईबरोबर राहतो आणि त्याला तिच्यापासून मुलं आहेत.

त्या मुलांविषयी जेमने स्काउटला आधी सांगितलेलं असतं. ती दुःखी असतात, कारण गोरे त्यांना काळी समजतात आणि काळे अर्धी गोरी. स्काउट विचारते, मग ओळखायचं कसं? जेमचं म्हणणं, बघून ओळखता येत नाही, कोण कुणाचं ते माहीत असावं लागतं. एवढं बोलणं होतं आणि कादंबरी पुढे सरकते. त्यांच्यातलं एक मूल चौकात दिसतं, बोलत मात्र नाही.

त्यांच्यापैकी एखाद्याने वही उघडली असती तर काय लिहिलं असतं? तसं पुस्तक आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने लिहिलंय. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं. लिंबाळे तेव्हा तिशीच्या आत होते. पुढे २०२० चा सरस्वती सन्मानही त्यांना मिळाला, ‘सनातन’ या कादंबरीसाठी. ‘अक्करमाशी’ कादंबरी नाही, आत्मकथन आहे. हा फरक लहान नव्हे: स्काउटला लेखिकेने घडवलं, हन्नूरचा मुलगा खरोखर उपाशी होता.

शब्दाचा अर्थ तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. सोनाराच्या जुन्या मापात बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे भरला तो तोळा उणा, अक्करमाशी. लग्नाबाहेर जन्मलेल्या माणसाला गावाने ही शिवी लावली. आई मसामाय महार, वडील लिंगायत पाटील, आणि ते बाप म्हणून नाव द्यायला तयार नाहीत. शाळेत नाव घालताना बापाच्या नावाची अडचण. म्हणजे जेमने जी ओळख सांगितली, कोण कुणाचं ते माहीत असावं लागतं, तीच इथे कागदावर मागितली जाते.

पुस्तकात शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुलं एकीकडे जेवतात, महारांची मुलं दुसरीकडे. सवर्णांच्या जेवणातलं उरलेलं गोळा करून या मुलांना दिलं जातं आणि ती तुटून पडतात. घरी आल्यावर आई विचारते, मला थोडं आणायचं नाहीस का? दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मित्रहो, मीही थोडंफार लिहिणारा माणूस आहे, पण एवढा अवघड विषय मला कधी कुणी दिला नाही.

आणखी एक प्रसंग. आजी संतामाय जनावरांच्या शेणातले धान्याचे दाणे वेचते, धुते, वाळवून दळते आणि त्याची भाकरी ती स्वतः खाते. नातू हट्टाने तुकडा मागतो आणि त्याला शेणाचा वास येतो. स्काउटजवळ हरवायला निरागसता होती, कारण वडिलांनी तिच्याभोवती घर उभं केलं होतं. इथे ती साठवायला जागाच कुठे होती?

तरी या घरात एक माणूस आहे. महमूद दस्तगीर जमादार. संतामायबरोबर राहणारे, हमाली करणारे ‘दादा’. नात्याने या पोराचे कुणी नाहीत, धर्माने मुसलमान, पण पोराला आजोबांची माया त्यांनीच दिली. मराठी साहित्यात मुसलमान येतो तो बहुतेक वेळा खाटीक, अत्तरवाला किंवा इतिहासातला सरदार म्हणून. महारवाड्यातल्या पोराला वाढवणारा मुसलमान मला पहिल्यांदा इथे भेटला. मला फार बरं वाटलं. आपलाच कुणी नातलग चांगला निघावा, तसं.

ते बरं वाटणं मात्र टिकलं नाही. हार्पर ली यांचं दुसरं पुस्तक, ‘गो सेट अ वॉचमन’, २०१५ साली आलं. त्यात मोठी झालेली स्काउट गावी परतते आणि आपले देवमाणूस वडील वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या बैठकीत बसलेले बघते. जगभरचे वाचक हळहळले. मला मात्र आमच्या घराचा कोनाडा आठवला.

सोलापुरात आमच्या घराच्या दाराबाहेर एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला चिनी मातीचा कप असे. सकाळी संडास साफ करायला येणाऱ्या बाईंसाठी. आमच्यात जात नसते, असं घरात सगळेच म्हणत. मी सहा-सात वर्षांचा असताना खेळायला तो कप उचलला, तर अम्मा म्हणाली, “हात मत लगा उसकू, उनका है वो.” मी ठेवून दिला. वाईट वाटलं नाही, प्रश्नही पडला नाही. माझी निरागसता ती एवढीच. बाईंचं नाव आम्हा पोरांना कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

अम्मा वाईट बाई नव्हती. मोहल्ल्यात कुणाकडे चूल पेटली नाही तर तिला आधी कळायचं. ‘अक्करमाशी’ वाचून झालं त्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसून कपाचा विषय काढला. विचारलं, त्या बाई चहा मागायच्या का?

“मंगती नै थी,” अम्मा म्हणाली. “मैच देती थी. हमेशा.”

तिच्या आवाजात अभिमान होता, आणि ती खरंच सांगत होती.