मी पाहिलेली आणि मी काढलेली चित्रे

चित्र म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मला नेमके उत्तर देता येणार नाही. मात्र चित्र कसे पाहावे आणि पाहता पाहता ते हाताला कसे येते, याविषयी मला थोडेफार कळले आहे. तेवढेच येथे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच. आपल्या महाविद्यालयात चित्रकला हा विषय नाही. मी मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करते आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शाळेत असताना शासकीय रेखाकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली, ‘क’ श्रेणी मिळाली आणि माझे रीतसर शिक्षण तेथेच थांबले. तेव्हा जाणकारांनी चुका पोटात घालाव्यात, ही विनंती.

मी आयुष्यात पाहिलेले पहिले मोठे चित्र कोणत्याही कलादालनात नव्हते. ते नाटकाच्या पडद्यावर होते. धान घरात आले की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे नाटक कंपन्यांचे माहेरघर. तेथून ट्रक भरून पडदे, पेट्या आणि कलावंत गावोगाव निघतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीला आनंद झाला. मी सहा-सात वर्षांची असताना आईच्या मांडीवर बसून असेच एक नाटक पाहिले. कथा आता आठवत नाही, पण त्यातला जंगलाचा पडदा आठवतो. दोन्ही बाजूंना सागाची झाडे, मधून जाणारा तांबडा रस्ता, आणि तो रस्ता दूर जाऊन नाहीसा होत होता. कापड तर सपाट होते. मग रस्ता आत कसा गेला? मी आईला विचारले. ती म्हणाली, “गप बस, नाटक पाय.”

या प्रश्नाचे उत्तर मला नववीत मिळाले. चित्रकलेच्या भाषेत याला यथार्थदर्शन म्हणतात. वस्तू जसजशी दूर जाते तसतशी ती लहान दिसते आणि समांतर रेषा एका बिंदूकडे धावतात. सपाट जमिनीवरून जाणाऱ्या सरळ रस्त्याच्या बाबतीत हा बिंदू नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. वाचकहो, याची परीक्षा तुम्हीही घेऊ शकता. पोंभुर्ण्याबाहेर एखाद्या सरळ, सपाट रस्त्यावर उभे राहा आणि दोन्ही कडा जेथे मिळतात तेथे पाहा. मग खाली बसा. तो बिंदूही तुमच्याबरोबर खाली बसलेला दिसेल! म्हणजे चित्रात केवळ रस्ता नसतो. रस्ता पाहणारा माणूस कोठे आहे, तेही त्यात आलेले असते.

बिंदूवरून सय्यद हैदर रझा यांची आठवण होणे साहजिक आहे. हे जगप्रसिद्ध चित्रकार आपल्यासारखेच जंगलातले. १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे त्यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात नोकरीला होते. लहानपणी रझांचे अभ्यासात लक्ष लागत नसे. तेव्हा नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे १९३९ ते १९४३ या काळात रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, नंतर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि १९५० साली पॅरिसला गेले. उत्तरायुष्यात तोच ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. २०१० साली त्यांच्या ‘सौराष्ट्र’ या चित्राला लंडनच्या लिलावात सोळा कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. ही गोष्ट मी बाबांना सांगितली. “चित्र काढून पोट भरते का?” हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “त्या गुरुजीले काय भेटलं?” त्यावर मला काही बोलता आले नाही. २०१६ साली रझा वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी दफन करण्यात आले. इतकी वर्षे फ्रान्समध्ये काढलेला माणूस शेवटी आपल्या जंगलाकडे परतला, हे मला त्या लिलावाहून मोठे वाटते.

दुसरा धडा मला दगडांनी दिला. गेल्या वर्षी इतिहास विभागाच्या सहलीत आम्ही आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडून चामोर्शीमार्गे मार्कंडा येथे गेलो. येथे नदी उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठावर मंदिरांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. जत्रेतल्या गर्दीत मी पूर्वी दर्शन घेतले होते, पण मूर्ती म्हणून मूर्तीकडे पाहिले नव्हते. या वेळी एका पश्चिमेकडील भिंतीवरची एक सुरसुंदरी मी वहीत उतरवायला घेतली. दुपारी बाराच्या पुढे ऊन भिंतीला घासून वरून खाली उतरत होते. भुवईखाली, हनुवटीखाली, हातातल्या कड्याखाली सावली पडली होती आणि ती बाई आता वळेल की काय, असे वाटत होते. जेवून, नदीवर जाऊन चारच्या सुमारास परत आले, तर ऊन समोरून पडले होते. मूर्ती तीच, पण जणू चेहरा पुसल्यासारखी! तेव्हा ध्यानात आले की, आकार दिसतो तो केवळ उजेडामुळे नव्हे. उजेड एका बाजूने आला आणि दुसऱ्या बाजूला अंधार राहिला, म्हणजे आकार दिसतो. भिंतीवर कोणत्या वेळी ऊन कसे येणार, हे ठाऊक असल्यावाचून त्या कारागिरांनी छिन्नी लावली नसावी, असे मला वाटते.

आता माझ्या स्वतःच्या एका चित्राविषयी लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मोहाच्या हंगामात आमचे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पहाटे मोहफुले वेचायला गेले आणि वाघाच्या हल्ल्यात गेले. आपल्या भागात हे नवीन नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांचा धड असा एकही फोटो घरात नव्हता; होता तो फक्त आधार कार्डावरचा. मोठी आई मला म्हणाली, “तू एवढी चित्रं काढतेस, त्याइचं काढून दे.”

मी त्या फोटोची मोठी झेरॉक्स काढून आणली. त्यावर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या आणि ड्रॉइंग पेपरवर दोन-दोन सेंटिमीटरच्या. एका चौकटीत जेवढी रेघ दिसते तेवढीच दुसऱ्या चौकटीत उतरवायची, म्हणजे चित्र चौपट मोठे होते आणि प्रमाण चुकत नाही. सिनेमाचे पोस्टर रंगवणारेही याच रीतीने चित्र मोठे करीत असत. आठ दिवस लागले. नाक, कान, कपाळ, सारे मापात आले. मी अभिमानाने चित्र मोठ्या आईसमोर ठेवले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “डोरे त्याइचेच आहेत माय. पर हे पायतात कोनाकडं?”

मला रडू आले. परंतु तिचे बरोबर होते. आधारच्या फोटोत उजेड अगदी समोरून पडलेला, मार्कंड्याच्या चार वाजताच्या उन्हासारखा. शिवाय समोर पाहा, हलू नका, असे सांगितल्यावर माणूस जसा ताठरतो तसे ते ताठरलेले. मोठेबाबा कधीच असे समोर पाहत नसत. बांधावर उभे राहून डोळे बारीक करून ते जंगलाच्या कडेकडे पाहत. मी मोजमाप केले होते ते फोटोचे. माणसाकडे पाहायचे राहून गेले होते.

मग मी बाबांना दारात बसवले. दोघा भावांची हाडे सारखी, गालफडे सारखी. उजेड एका बाजूने येत होता. बाबांना मी म्हटले, “मोठेबाबा धुऱ्यावरून पाहत तसे पाहा.” ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी तसे पाहिले. सावली कोठे पडते ते मी त्यांच्या चेहऱ्यावरून घेतले, माप जुन्या चित्रातून घेतले आणि नजर आठवणीतून घेतली. परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन वेगळे पेपर होते. येथे दोन्ही एकाच कागदावर सोडवावे लागले.

चेहरा पुरा झाला. सदरा मात्र नुसत्या रेघांचा राहिला होता. मोठ्या आईने चित्र हातात घेतले ते परत दिलेच नाही. मी म्हटले, सदरा व्हायचा आहे. ती म्हणाली, “राहू दे. आता हात नको लावू.”

चंद्रपूरला लालपेठ भागात उघड्यावर पडलेल्या प्रचंड मूर्ती तुम्ही पाहिल्या असतील. गोंड राजांच्या काळात रायप्पा नावाच्या धनिकाने मोठे शिवमंदिर बांधण्याचा संकल्प केला, मूर्ती घडवून घेतल्या आणि मंदिर उभे राहण्याआधीच तो वारला, असे सांगतात. अनेक मुखांची भव्य दुर्गा तेथे आकाशाखाली उताणी पडलेली आहे. लोक त्या जागेला ‘अपूर्ण देवालय’ म्हणतात. मी गेले तेव्हा मूर्तीवर ताजे हळदकुंकू होते. देवालय झाले नाही म्हणून वाहणाऱ्याचा हात अडलेला नव्हता.

मोठेबाबांचे चित्र आता त्यांच्या घरी दाराच्या आतल्या भिंतीवर आहे. फ्रेमला पैसे नव्हते म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवून वर प्लास्टिक लावले आहे. बाबा तेथे गेले की चित्राकडे पाहत नाहीत, हे माझ्या लक्षात आले आहे. मात्र ‘चित्र काढून पोट भरते का’ हा प्रश्न त्यांनी त्यानंतर मला विचारलेला नाही. गेल्या महिन्यात चंद्रपूरला गेले होते तेव्हा त्यांनी माझ्यासाठी पेन्सिलींचा एक डबा आणला आणि काही न बोलता चुलीजवळच्या फळीवर ठेवला. त्यातल्या मऊ पेन्सिलीने सावली चांगली येते.